सीमेवरील तालुक्यांत शासकीय अधिकाऱ्याला जबाबदार कसे धरावे: तक्रारीपासून प्रशिक्षणाच्या मागणीपर्यंतचा क्रम

जत, अक्कलकोट, चंदगड, देगलूर, किनवट, जिवती, सिरोंचा, धारणी, तलासरी अशा राज्याच्या कडेवरच्या तालुक्यांतून अधिकाऱ्यांविरुद्ध होणाऱ्या तक्रारी बहुधा खऱ्या असतात, तरीही त्यांतून फारसे काही निष्पन्न होत नाही. त्या चुकीच्या कार्यालयात, चुकीच्या कायद्याचा आधार घेऊन आणि पुष्कळदा मुदत उलटून गेल्यावर पोहोचतात. त्यात भर म्हणजे जवळपास प्रत्येक निवेदनाच्या शेवटी एकच मागणी असते, ती म्हणजे संबंधिताची बदली करावी. बदली झाली तरी तिथली बोली न कळणारा आणि शेजारच्या राज्याच्या यंत्रणेशी व्यवहार कसा करायचा हे न शिकवलेला दुसरा अधिकारी त्याच खुर्चीवर येतो, आणि गावाचा प्रश्न आहे तिथेच राहतो.

हा लेख अशा तालुक्यांतील नागरिकांसाठी, ग्रामपंचायत सदस्यांसाठी आणि कार्यकर्त्यांसाठी आहे. सीमेपलीकडे कर्नाटकात राहणाऱ्या मराठी भाषकांसाठी जिथे नियम वेगळे आहेत, तिथे ते स्वतंत्रपणे सांगितले आहेत. टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्यावेत, कारण पहिले दोन टप्पे चुकले तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

## टप्पा 1: अधिकारी कोणत्या राज्याचा आणि कोणाच्या हाताखालचा, हे आधी ठरवा

सीमेवर गावाची हद्द, शेताची हद्द, पोलीस ठाण्याची हद्द आणि वनपरिक्षेत्राची हद्द एकाच रेषेवर असतील असे धरून चालू नये. घर महाराष्ट्रात आणि शेत कर्नाटकात अशी कुटुंबे आहेत. फेरफाराची (जमिनीच्या हक्कनोंदीतील बदलाची) तक्रार शेत ज्या राज्यात आहे तिथल्या महसूल यंत्रणेकडेच करावी लागते, मालक कुठेही राहत असला तरी. जिवती तालुक्यातील वादग्रस्त 14 गावांत तर महाराष्ट्र आणि तेलंगणा या दोन्ही राज्यांची यंत्रणा काम करते, आणि एकाच घरात दोन्ही राज्यांची कागदपत्रे आढळतात. अशा ठिकाणी एक साधी कसोटी उपयोगी पडते: ज्या अधिकाऱ्याबद्दल तक्रार आहे त्याचा पगार कोणत्या राज्याच्या तिजोरीतून निघतो? तक्रार त्या राज्याच्या यंत्रणेकडेच जाईल.

महाराष्ट्र–कर्नाटक सीमेचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, म्हणून बेळगाव, खानापूर किंवा निपाणीच्या कार्यालयाविरुद्धची तक्रार कोल्हापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे नेता येईल असे काहींना वाटते. दावा प्रलंबित असेपर्यंत आज जे राज्य कारभार पाहते त्याचेच कायदे आणि त्याचेच वरिष्ठ अधिकारी लागू आहेत. सीमाप्रश्नाबद्दलची आपली भूमिका काहीही असो, दाखला अडवणाऱ्या लिपिकाला ती भूमिका लागू पडत नाही.

राज्य ठरल्यावर अधिकाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई करण्याचा अधिकार कोणाला आहे हे शोधावे. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) यांच्या बाबतीत तो उपविभागीय अधिकाऱ्याला, ग्रामसेवकाच्या (आता ग्रामपंचायत अधिकारी) बाबतीत जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला आणि पोलीस शिपायाच्या बाबतीत पोलीस अधीक्षकाला असतो. मूळ अर्ज याच व्यक्तीच्या नावे हवा.

इशारा: मुख्यमंत्री, पालकमंत्री, आयुक्त आणि जिल्हाधिकारी अशा दहा-बारा जणांना एकाच वेळी प्रती पाठवू नका. प्रत्येक कार्यालय तो कागद 'उचित कार्यवाहीस्तव' खाली पाठवते, आणि शेवटी ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच टेबलावर तो अहवालासाठी येतो. एक मूळ अर्ज आणि फार तर एक प्रत, एवढेच पुरे.

## टप्पा 2: गाऱ्हाणे कोणत्या प्रकारचे आहे ते वेगळे काढा

सर्वाधिक चुका या टप्प्यात होतात, म्हणून इथे वेळ द्यावा. गावकऱ्यांच्या एका निवेदनात साधारणपणे चार-पाच गोष्टी एकत्र असतात: दाखला वेळेत दिला नाही, फेरफार चुकीचा मंजूर केला, पैसे मागितले, उद्धटपणे बोलले, पोलिसांनी फिर्याद घेतली नाही. या प्रत्येकासाठी कायदा वेगळा, दार वेगळे आणि मुदतही वेगळी आहे. एकाच कागदावर सगळे लिहिले की कार्यालय त्यातले सर्वांत सोपे तेवढे उत्तर देते आणि प्रकरण निकाली काढते.

विलंब किंवा सेवा नाकारणे. उत्पन्न, रहिवास, जात यांसारख्या अधिसूचित (शासनाने यादीत जाहीर केलेल्या) सेवांसाठी महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 लागू होतो. यात तक्रार करायची नसते, अपील करायचे असते. सेवा अधिसूचित नसेल आणि फाईल नुसती पडून असेल, तर 2005 चा बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणारा अधिनियम, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेला 'दप्तर दिरंगाई कायदा', आधाराला घ्यावा. त्यानुसार कोणत्याही कर्मचाऱ्याकडे फाईल सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ प्रलंबित राहता कामा नये.

चुकीचा आदेश. तहसीलदाराने किंवा मंडळ अधिकाऱ्याने दिलेला आदेश चूक आहे असे वाटत असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेखाली अपील करावे लागते. जिल्हाधिकाऱ्याहून खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याच्या आदेशाविरुद्ध त्याची मुदत 60 दिवसांची आहे. आदेशाविरुद्ध निवेदने देत, उपोषणाला बसत हे दोन महिने निघून गेले की चांगले प्रकरणही विलंबमाफीच्या अर्जात अडकते. अधिकाऱ्याची लबाडी सिद्ध झाली तरी आदेश आपोआप रद्द होत नाही, हे नीट लक्षात ठेवावे.

लाच. यासाठी वरिष्ठांकडे अर्ज करत बसू नये. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा क्रमांक आहे, आणि पैसे देण्यापूर्वी तक्रार केली तरच सापळा लावता येतो. दबावाखाली पैसे द्यावेच लागले असतील तर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यानुसार सात दिवसांच्या आत ते कळवणाऱ्याला संरक्षण आहे, त्यानंतर मात्र देणाराही अडचणीत येऊ शकतो. कर्नाटकात लाचेची प्रकरणे लोकायुक्तांकडे जातात. तिथला स्वतंत्र लाचलुचपत विभाग उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2022 मध्ये रद्द केला, तरी अजून काही जण त्याचाच पत्ता शोधत फिरतात.

वर्तन आणि कर्तव्यात कसूर. गैरहजेरी, अपमानास्पद बोलणे, भाषा कळत नाही म्हणून माणसाला परत पाठवणे, खोटी नोंद करणे या गोष्टी शिस्तभंगाच्या कक्षेत येतात. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना त्यांसाठी महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 आणि त्याच वर्षीचे शिस्त व अपील नियम लागू होतात. मात्र पोलिसांकडून झालेल्या गंभीर गोष्टींसाठी टप्पा 5 पाहावा.

तपासा: आपल्या गाऱ्हाण्याचे वरीलप्रमाणे तुकडे केले का? प्रत्येक तुकड्यासाठी स्वतंत्र कागद तयार आहे का? ज्या तुकड्याची मुदत सर्वांत आधी संपते, तो अर्ज सर्वांत आधी जाणार आहे का?

## टप्पा 3: भाषा ठरवा, मग अर्ज लिहा

राज्यघटनेच्या अनुच्छेद 350 नुसार गाऱ्हाण्याच्या निवारणासाठीचे निवेदन संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. जत तालुक्यातील कन्नड भाषक तहसीलदाराला कन्नडमध्ये निवेदन देऊ शकतो आणि खानापूरचा मराठी भाषक तिथल्या तहसीलदाराला मराठीत. 'आमच्या भाषेत आणा' असे सांगून निवेदन नाकारणे घटनेला धरून नाही. मात्र उत्तरही त्याच भाषेत मिळेल असे हा अनुच्छेद सांगत नाही.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज ही वेगळी बाब आहे, आणि हा फरक न कळल्याने कितीतरी अर्ज परत येतात. माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 च्या कलम 6 नुसार तो अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या क्षेत्राच्या राजभाषेत करायचा असतो. बेळगावच्या कार्यालयाकडे मराठीत केलेला माहिती अर्ज, किंवा अक्कलकोटच्या कार्यालयाकडे कन्नडमध्ये केलेला अर्ज, कायद्याने स्वीकारलाच पाहिजे असे नाही. निवेदन मातृभाषेत आणि माहिती अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत, अशी विभागणी केली की वाद घालण्यात वेळ जात नाही. शुल्काचेही तसेच आहे. महाराष्ट्रात 10 रुपयांचे न्यायालय शुल्क तिकीट (कोर्ट फी स्टॅम्प) चालते, पण ते कर्नाटकात पाठवून उपयोग नाही. तिथे त्या रकमेची पोस्टल ऑर्डर पाठवावी.

अर्जाचा मजकूर पुढील क्रमाने लिहावा: अर्जदाराचे पूर्ण नाव व पत्ता, अधिकाऱ्याचे पद आणि कार्यालय, घटनेची तारीख व वेळ, काय घडले, कोणासमोर घडले, कोणते कर्तव्य पार पाडले गेले नाही, सोबत जोडलेल्या कागदांची यादी आणि शेवटी नेमकी मागणी. 'अधिकारी मुजोर आहेत', 'जनतेत तीव्र असंतोष आहे' अशी वाक्ये चौकशी अधिकाऱ्याच्या कामाची नसतात. 'अमुक तारखेला सकाळी अकरा वाजता कार्यालय बंद होते, दारावर सूचना नव्हती, सोबत तारीख दिसणारे छायाचित्र जोडले आहे' हे एकच वाक्य त्याच्या खूप उपयोगी पडते.

सामूहिक निवेदन द्यायचे असेल तर सह्यांच्या प्रत्येक पानावर विषय आणि तारीख लिहावी, आणि पत्रव्यवहारासाठी एकाच व्यक्तीचे नाव ठळकपणे द्यावे. सह्यांची सुटी पाने दुसऱ्याच विषयाला जोडली गेल्याचा संशय एकदा निर्माण झाला की शेकडो सह्यांना किंमत उरत नाही.

इशारा: अर्ज हातात देऊन निघून येऊ नका. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, सही आणि शिक्का घ्या. पोच द्यायला नकार मिळाला तर वाद न घालता त्याच दिवशी तो अर्ज टपालाने, पोहोचल्याची नोंद मिळेल अशा पद्धतीने पाठवा. पुढच्या प्रत्येक मुदतीची गणना या एका तारखेवर अवलंबून असते.

## टप्पा 4: सेवा हक्काची अपिले मुदतीत चढवत न्या

लोकसेवा हक्क अधिनियमाखाली प्रत्येक कार्यालयात सेवांची यादी, प्रत्येक सेवेची मुदत, पदनिर्देशित अधिकारी (ती सेवा देण्यास जबाबदार अधिकारी) आणि दोन्ही अपील प्राधिकाऱ्यांची पदे लिहिलेला फलक असावा लागतो. आधी त्या फलकाचे छायाचित्र घ्यावे. फलक नसेल तर ती एक स्वतंत्र कसूर आहे आणि तिची नोंद अर्जात करता येते.

मुदत मोजली जाते ती सर्व आवश्यक कागदांसह परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून. म्हणून कागद कमी आहे असे सांगितले गेल्यास कोणता कागद, हे लेखी मागावे. नुसते 'उद्या या' ऐकून परत येणाऱ्या माणसाची मुदत सुरूच झाली नव्हती असे नंतर सांगितले जाते.

पहिले अपील अर्ज फेटाळल्याचा आदेश मिळाल्यापासून किंवा मुदत संपल्यापासून 30 दिवसांत करावे. सबळ कारण असेल तर जास्तीत जास्त 90 दिवसांपर्यंत ते स्वीकारले जाऊ शकते, परंतु त्यावर भिस्त ठेवू नये. पहिल्या अपिलाचा निर्णय 30 दिवसांत अपेक्षित असतो. निर्णय मान्य नसेल तर 30 दिवसांत, आणि निर्णयच आला नाही तर पहिले अपील केल्यापासून 45 दिवस उलटल्यावर, दुसरे अपील करावे. त्यानंतर राज्य लोकसेवा हक्क आयोगाकडे 60 दिवसांत तिसरे अपील करता येते. पुरेशा कारणाशिवाय सेवा न देणाऱ्या पदनिर्देशित अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपयांपर्यंत शास्ती (दंड) होऊ शकते. रक्कम लहान वाटली तरी शास्तीची नोंद कागदावर येते, आणि टप्पा 6 मध्ये तिचा उपयोग होतो.

कर्नाटकात याच स्वरूपाची व्यवस्था 'सकाल' या नावाने 2011 च्या कायद्याखाली चालते. तिथे अर्ज दिल्यावर 15 अंकी क्रमांकाची पावती मिळते, आणि विलंबाबद्दल दिवसाला 20 रुपये, कमाल 500 रुपये, अर्जदाराला भरपाई म्हणून मागता येतात. हा क्रमांक न घेता दिलेला अर्ज मुदतीच्या हिशेबात धरला जात नाही, म्हणून तो घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.

तपासा: अर्ज क्रमांक आहे का? फलकावरील मुदत लिहून ठेवली का? पहिल्या अपिलाचा शेवटचा दिवस दिनदर्शिकेवर नोंदवला का?

## टप्पा 5: पोलिसांच्या बाबतीत स्वतंत्र वाट

सीमेवर 'हे आमच्या हद्दीत नाही, पलीकडच्या ठाण्यात जा' हे उत्तर इतके सरसकट मिळते की लोकांना तोच नियम वाटतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची) माहिती, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी, कोणत्याही ठाण्यात देता येते. यालाच 'झिरो एफआयआर' म्हणतात. ठाणे ती नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवते, आणि ते ठाणे दुसऱ्या राज्यातील असले तरी चालते. तोंडी दिलेली माहिती लिहून घेऊन ती देणाऱ्याला वाचून दाखवणे आणि प्रत विनामूल्य देणे बंधनकारक आहे. तीन वर्षे किंवा अधिक, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत उपअधीक्षकाच्या परवानगीने 14 दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते, त्यामुळे अशा वेळी लगेच नोंद झाली नाही म्हणजे नकारच मिळाला असे समजू नये. मात्र चौकशी सुरू असल्याचे लेखी मागून घ्यावे.

नकार मिळालाच तर क्रम असा आहे. प्रथम तीच माहिती लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवावी. त्यावर काही झाले नाही तर शपथपत्रासह दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. मधली पायरी गाळून थेट न्यायालयात गेल्यास पहिला प्रश्न हाच विचारला जातो की अधीक्षकांकडे अर्ज केला होता का.

पोलिसांच्या कारवाईत भाषेचा मुद्दा सर्वांत गंभीर ठरतो. भामरागडमधील माडिया, धारणीतील कोरकू, सिरोंचातील तेलुगू किंवा जतमधील कन्नड बोलणाऱ्या माणसाला मराठीत लिहिलेला कागद वाचून दाखवला आणि त्याने मान हलवली, तर तो कागद त्याला समजला असे म्हणता येत नाही. अटकेची कारणे अटक झालेल्या व्यक्तीला समजणाऱ्या भाषेत लेखी दिली पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात स्पष्ट केले आहे. ती तशी दिली नसतील तर वकिलाने कोठडीसाठी हजर करतानाच, म्हणजे पहिल्याच दिवशी, दंडाधिकाऱ्यांच्या लक्षात आणून द्यावे. दुभाषी वापरला असेल तर त्याचे नाव कागदावर लिहून घ्यायला लावावे. ठाण्यातलाच कर्मचारी दुभाषी झाला असेल तर तेही नोंदवावे.

ठाण्यात मारहाण किंवा बेकायदा अडकवून ठेवण्याचा प्रकार झाला असेल तर सीसीटीव्हीचे चित्रण जपून ठेवण्याची लेखी विनंती त्याच आठवड्यात अधीक्षकांकडे जायला हवी. सर्वोच्च न्यायालयाने 2 डिसेंबर 2020 च्या निकालात सर्व ठाण्यांत कॅमेरे बसवून चित्रण 18 महिने, आणि ते शक्यच नसेल तर किमान एक वर्ष, जपण्याचे निर्देश दिले आहेत. विनंतीत तारीख, वेळेची मर्यादा आणि ठाण्यातील जागा लिहावी. 'संपूर्ण चित्रण द्यावे' अशी मोघम मागणी सहज टाळली जाते.

कोठडीतील मृत्यू, गंभीर दुखापत, लैंगिक अत्याचार, नियमबाह्य अटक, खंडणी, जमीन किंवा घर बळकावणे अशा बाबींसाठी राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. पोलीस सुधारणांबाबतच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2006 च्या प्रकाश सिंह निकालानंतर अशी प्राधिकरणे आली आणि महाराष्ट्रात 2014 च्या दुरुस्तीने त्याला कायद्याचा आधार मिळाला. किरकोळ उद्धटपणाची तक्रार तिथे नेऊन उपयोग नाही, ती अधीक्षकांकडेच करावी.

इशारा: चौकशीसाठी बोलावल्यावर जबाब पूर्ण वाचल्याशिवाय, किंवा विश्वासातल्या माणसाकडून आपल्या भाषेत समजून घेतल्याशिवाय, सही करू नका. 'माझे समाधान झाले असून तक्रार नाही' हे शेवटचे वाक्य पुष्कळ वेळा आधीच लिहून ठेवलेले असते, आणि त्या एका वाक्याने प्रकरण बंद होते.

## टप्पा 6: एकेका घटनेतून प्रशिक्षणाची मागणी उभी करा

ज्या टप्प्याकडे कोणी वळतच नाही, तो हा आहे. एका तलाठ्याला समज मिळाली, एका शिपायाला कारणे दाखवा नोटीस गेली, इथवर आल्यावर लोक थांबतात. सीमेवरच्या तालुक्यात मात्र बराचसा दोष नेमणुकीच्या वेळीच निर्माण झालेला असतो. दोनशे-तीनशे किलोमीटरवरून आलेल्या तरुण अधिकाऱ्याला स्थानिक बोलीतले चार शब्द, हद्दीचा नकाशा आणि पलीकडच्या ठाण्याचा दूरध्वनी क्रमांक यांपैकी काहीही न देता रुजू करून घेतले जाते, आणि मग त्याच्या अडाणीपणाची किंमत गाव मोजते. ज्याला शिकवलेच नाही, त्याच्याकडून उत्तर मागणे कठीण असते. 'मला हे माहीतच नव्हते' हा बचाव एकदा काढून घेतला की पुढची जबाबदारी टाळता येत नाही.

आधी नोंद मिळवा. माहितीच्या अधिकारात असे मागावे: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत या तालुक्यातील अमुक पदांवरील कर्मचाऱ्यांसाठी झालेल्या प्रशिक्षणांची यादी, प्रत्येकाचा विषय, दिवस, प्रशिक्षण देणारी संस्था आणि उपस्थितांची संख्या, तसेच स्थानिक भाषेच्या प्रशिक्षणाबाबतच्या परिपत्रकांच्या प्रती. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज साधारणपणे 150 शब्दांत आणि एकाच विषयापुरता असावा. 'प्रशिक्षण का दिले नाही' असा प्रश्न विचारू नये, कारण कायद्याने अभिलेखावर असलेली माहिती मिळते, खुलासा मिळत नाही. एखाद्या अधिकाऱ्याचे नाव घेऊन त्याची सेवापुस्तिका किंवा त्याला दिलेल्या नोटिसा मागणेही टाळावे. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये अशा गोष्टी वैयक्तिक माहिती ठरवल्या आहेत, आणि त्या एका ओळीमुळे संपूर्ण अर्ज नाकारला जाण्याचा धोका असतो. पदाबद्दल विचारावे, व्यक्तीबद्दल विचारू नये. 30 दिवसांत उत्तर न आल्यास पुढील 30 दिवसांत 20 रुपयांच्या तिकिटासह पहिले अपील करावे.

मग ग्रामसभेत ठराव घ्या. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाने गावात काम करणाऱ्या शासकीय, निमशासकीय आणि पंचायतीच्या कर्मचाऱ्यांवर शिस्तविषयक नियंत्रण ठेवण्याचा आणि त्यांच्या कामाचे मूल्यमापन करून अनियमितता गटविकास अधिकाऱ्याला कळवण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. वर्षानुवर्षे हा अधिकार न वापरता पडून राहतो, याची मला मनापासून खंत वाटते. हाती इतके थेट साधन असताना गावे मंत्रालयाच्या दारात उभी राहतात. ठराव वैध होण्यासाठी विषय सभेच्या सूचनेत आधी आलेला असावा, गणपूर्ती (सभेला आवश्यक किमान उपस्थिती) नोंदलेली असावी आणि ठरावाची प्रमाणित प्रत घेतलेली असावी. ऐनवेळच्या विषयात घेतलेला ठराव पुढे सहज बाजूला ठेवला जातो.

मागणी मोजता येईल अशी लिहा. 'अधिकाऱ्यांना संवेदनशील बनवावे' या मागणीवर कोणीही काहीही करू शकत नाही. ठरावात पुढील गोष्टी असाव्यात: तालुक्यात बोलल्या जाणाऱ्या अल्पसंख्य भाषेतील कामापुरत्या संभाषणाचे प्रशिक्षण, रुजू झाल्यापासून किती दिवसांत आणि किती तासांचे, हे आकड्यांसह. गावांच्या महसुली, पोलीस आणि वन हद्दी दाखवणारा नकाशा आणि शेजारच्या राज्यातील समकक्ष कार्यालयांचे संपर्क क्रमांक, जे प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला कार्यभार घेतानाच लेखी मिळावेत. हद्दीबाहेरील गुन्ह्याची नोंद घेऊन ती पुढे पाठवण्याचा सराव, नुसते व्याख्यान नव्हे. दुभाषी वापरण्याची पद्धत. आणि हे सगळे झाल्याची चाचणी कोण घेणार, याचे उत्तर. राज्यात प्रशिक्षणाची शिखर संस्था म्हणून पुण्याची 'यशदा' आहे, तरी तालुक्यासाठीची मागणी आधी जिल्हाधिकारी, मुख्य कार्यकारी अधिकारी किंवा पोलीस अधीक्षकांकडे करावी, कारण नेमणुकीच्या वेळचे प्रशिक्षण त्यांना जिल्ह्यातच घेता येते आणि संस्थेला विनंतीही त्यांच्याचकडून गेलेली बरी.

ठरावाला टप्पा 4 मधील शास्तीचे आदेश, टप्पा 5 मधील झिरो एफआयआर नाकारल्याची अधीक्षकांकडे गेलेली पत्रे आणि माहिती अधिकारातले उत्तर जोडावे. एकाच प्रकारची चूक वेगवेगळ्या अधिकाऱ्यांच्या काळात झाली आहे, हे या कागदांतून दिसले पाहिजे. तसे दिसले की दोष एका व्यक्तीचा आहे हे उत्तर टिकत नाही.

भाषिक अल्पसंख्याकांची जास्तीची वाट. भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या केंद्राच्या 1956 च्या संरक्षण योजनेनुसार जिल्हा, तालुका किंवा नगरपालिका क्षेत्रात एखाद्या भाषिक अल्पसंख्याक समूहाची संख्या 15 टक्के किंवा अधिक असेल, तर महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्या भाषेतही प्रसिद्ध व्हावेत असे ठरलेले आहे. हे न पाळल्याबद्दल घटनेच्या अनुच्छेद 350ख खालील भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांकडे लिहिता येते. ते एका दाखल्याची किंवा एका शिपायाची चौकशी करत नाहीत, सातत्याने होणारे उल्लंघन पाहतात आणि राष्ट्रपतींना अहवाल देतात. त्यांच्याकडे न्यायालयासारखा आदेश देण्याचा अधिकार नाही, म्हणून जिथे अपिलाची मुदत चालू आहे तिथे त्यांच्या उत्तराची वाट पाहत बसू नये.

तपासा: ठरावातील प्रत्येक मागणीसमोर जबाबदार पद आणि तारीख आहे का? जोडलेल्या कागदांवर खाजगी व्यक्तींचे पत्ते आणि ओळख क्रमांक झाकले आहेत का?

## टप्पा 7: पाठपुरावा

पाठपुराव्याची एक वही ठेवावी. डाव्या बाजूला पाठवलेला कागद, आवक क्रमांक आणि तारीख, उजव्या बाजूला उत्तर, त्याची तारीख आणि पुढची मुदत. गावात हे काम एका व्यक्तीकडे असले तरी वहीची छायाप्रत ग्रामपंचायतीत असावी, कारण ती व्यक्ती बाहेरगावी गेली की सगळा क्रम तुटतो.

जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. त्यासाठी अर्ज विहित नमुन्यात 15 दिवस आधी द्यावा लागतो. न्यायप्रविष्ट बाबी, अपिलाची प्रकरणे आणि कर्मचाऱ्यांच्या सेवाविषयक बाबी तिथे घेतल्या जात नाहीत, त्यामुळे शिस्तभंगाची मागणी तिथे न नेता अडलेल्या कामाचा तुकडाच न्यावा.

विभागीय चौकशी सुरू झाली तर तक्रारदार तिथे केवळ साक्षीदार असतो. चौकशीचे कागद मागण्याचा किंवा शिक्षा ठरवण्याचा अधिकार त्याला नसतो, पण बोलावलेल्या तारखेला तो गैरहजर राहिला तर पुरावा नाही म्हणून अधिकारी सुटतो. मजुरी बुडवून दूरच्या जिल्ह्याच्या ठिकाणी जाणे परवडत नसेल, तर जबाब तालुक्याच्या ठिकाणी नोंदवावा आणि आवश्यक असल्यास दुभाषी द्यावा, अशी लेखी विनंती तारखेच्या आधी चौकशी अधिकाऱ्याकडे करावी. विनंती नाकारली गेली तरी ती नोंदीवर राहते.

प्रशिक्षणाची मागणी मान्य झाल्याचे पत्र आल्यावर तीन महिन्यांनी टप्पा 6 मधला तोच माहिती अर्ज, त्याच प्रश्नांसह, नव्या तारखा घालून पुन्हा करावा. उपस्थितांचा आकडा शून्यच असेल, तर ते उत्तर जोडून पुढच्या ग्रामसभेच्या सूचनेत विषय घालावा. नवा अधिकारी रुजू झाला की पहिल्याच आठवड्यात ठरावाची प्रत त्याच्याकडे पोच घेऊन द्यावी.